छाती बेचाळीस, बाही साडेचोवीस

३ मार्च, सोमवार

ठकू, ही वही तूच दिलीस, हे तुला आठवत नसेल. तुला काय आठवतं म्हणा! जाताना चष्मा विसरलीस, छत्री विसरलीस, एक मोजा विसरलीस. दुसरा घेऊन गेलीस, तो तिकडे एकटा काय करतोय देव जाणे. म्हणून मीच आठवण करून देते. दारात उभी राहून म्हणाली होतीस, "आजी, मी येईपर्यंत रोजचं सगळं आईला सांगत जा, ती लिहील. आले की वाचेन." तर वाच आता. लिहिता येणाऱ्या माणसांना वहीचा भरवसा असतो, म्हणून ती खुशाल विसरतात. मला अक्षर येत नाही, त्यामुळे विसरायची सोय नाही.

लिहितेय तुझी आई. मी सांगते तसंच्या तसं लिहायचं, मधे स्वतःची अक्कल घालायची नाही आणि मागितलं की वाचून दाखवायचं, असं आमचं ठरलंय. सासू-सुनेचं एवढं पटलेलं बघून भिंतींनासुद्धा नवल वाटलं असेल.

आजची बातमी चांगली नाही. तुझ्या बाबाचा लॅपटॉप कुरकुरायला लागलाय. आधी टक्, मग टक् टक्, मग जड दार ओढल्यासारखा खर्र. मला वाटलं आत झुरळ शिरलं. तुझी आई म्हणाली, "झुरळ नाही आई, डिस्क आहे." मी म्हटलं, झुरळ बरं होतं. झुरळाला चप्पल तरी मारता येते.

५ मार्च, बुधवार

आज लॅपटॉप मांडीवर घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. हा माणूस सदान्कदा चिमट्यानं काहीतरी उचलत असतो, म्हणून मी त्याला चिमटा म्हणते. तोंडावरच म्हणते. त्याला आता सवय झालीय.

त्यानं लॅपटॉपला कान लावला. डॉक्टर लावतात तसाच, आणि डॉक्टरासारखंच तोंड केलं. म्हणाला, "आजी, डिस्क चाललीय. आज नाही जाणार, पण जाणार. आता उगाच चालू करू नका. दर वेळी चालू केली की तिचं आयुष्य कमी होतं."

"मग मी कापड कशावर बेतू?"

त्याला कळेना. तेव्हा सांगावं लागलं. तुलाही सांगते, कारण लहान होतीस तेव्हा तू टेबलाखाली चिंध्या गोळा करण्यात गुंग असायचीस. आपल्या दुकानात माप घ्यायचा तुझा बाबा, बेतायची मी, शिवायची तुझी आई. मला मापाची वही वाचता येत नाही. तरुणपणी मी सुतळीला गाठी मारून मापं ठेवायची. मग बाबानं हा लॅपटॉप आणला. गिऱ्हाइकाचा फोटो काढायचा, माप घेता घेता लॅपटॉपमध्ये बोलायचं. मी फोटोवर बोट ठेवलं की त्याचा आवाज यायचा. "पाववाले काका. कोट. छाती बेचाळीस, बाही साडेचोवीस, पोट चाळीस. पोटाचा आकडा मोठ्यानं सांगू नकोस, समोरच उभे आहेत." आणि दर मापाच्या शेवटी, न चुकता, "कात्री जपून गं आई. तुझ्या बोटांचं माप घेतलेलं नाही."

नऊ वर्षांची मापं आहेत त्यात. गावाएवढी माणसं. शेवटच्या महिन्यांतली मापं त्यानं फार आटोपशीर सांगितलीत. छाती म्हणायचा, थांबायचा, मग आकडा. मला वाटायचं, घाई असेल.

थंडीच्या सुरुवातीला तो गेला. मी अजून त्याच मापांवर बेतते. रोज पाच-सहा फोटोंवर बोट ठेवते. त्यातल्या दोघांचंच काम असतं.

चिमट्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, आवाज वेगळे काढता येणार नाहीत, तो प्रोग्रॅम फार जुना आहे, ज्यांनी बनवला त्यांचं दुकानही बंद झालं. आवाज त्या प्रोग्रॅमच्याच पोटात आहेत. म्हणून लॅपटॉपची सगळी सिस्टीमच, आहे तशी, नव्या डिस्कवर न्यायची.

मी विचारलं, "म्हणजे जुना कोट कापडावर पसरायचा आणि बरहुकूम नवा बेतायचा."

"टाक्यांसकट," तो म्हणाला. "अगदी तुटलेल्या बटणासकट."

माणूस हुशार आहे. पण पुढे म्हणाला, "दोन दिवस ठेवून जा." मी म्हटलं, ठेवणार नाही. एकदा दवाखान्यातही असंच म्हणाले होते, ठेवून जा, दोन दिवसांत फोन करतो. आम्ही ठेवून आलो. फोन केला त्यांनी, नाही असं नाही.

तुझ्या आईनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, एक सायकल होती.

मग चिमट्यानं एक डबी दिली. पाव भाजायच्या यंत्रासारख्या दोन खाचा आहेत तिला. पुढच्या खाचेत जुनी डिस्क, मागच्यात नवी. बटण दाबून धरायचं. चार दिवे एकेक करून लागतात, चौथा लागला की काम झालं. "पण पुढची-मागची चुकवू नका," तुझ्या आईला तीनदा सांगितलं. "डबीला डोकं नसतं. पुढचं मागच्यावर ओतणं एवढंच तिला कळतं." जुनी डिस्क लॅपटॉपमधून काढून दिली, स्क्रू कसे पिळायचे ते दाखवलं, आणि नवी डिस्क तंतोतंत त्याच मापाची दिली. दोन्ही काळ्या पाट्या, जुळ्या बहिणी. वरच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरं आहेत तेवढाच फरक, आणि अक्षरं माझ्या कामाची नाहीत.

७ मार्च, शुक्रवार

डबी बेतायच्या टेबलावर मांडली. आपल्याकडे हवेतसुद्धा दोरे उडतात, हे तुला ठाऊक आहे. खाचेत उभ्या राहिल्या की डिस्कांची निम्मी अंगं उघडी राहणार. म्हणून मी त्यांना टोपडी शिवली. एक पांढऱ्या अस्तराचं, एक बाबाच्या निळ्या चौकड्याच्या शर्टातलं. त्या शर्टाचं कापड वीतभर उरलं होतं. कशाला ठेवलंय, असं तुझी आई सहा महिने विचारत होती. मिळालं उत्तर.

तिनं टोपडी पाहिली आणि हसली. ठकू, थंडीनंतर पहिल्यांदा हसली. "आई, डिस्कला टोपडी?"

"तुला घातलं होतं ना तुझ्या आईनं? तरीही सर्दी होतेच तुला, ते सोड."

मग तिनं टोपडी चढवली. चिठ्ठ्या झाकल्या गेल्या, म्हणून म्हणाली, "पांढरं जुनीला, चौकड्याचं नवीला. आता उद्या घोटाळा नको." दोन-तीनदा स्वतःशीच पुटपुटली. शाळेतल्यासारखी. उद्या सकाळी सुरू करायचं. आज वीज ये-जा करतेय.

८ मार्च, शनिवार

सकाळी सातला बटण दाबलं. डबी घूं घूं करायला लागली. मी स्टूल ओढून समोर बसले. तुझी आई म्हणाली, "तुम्ही बघत बसलात म्हणून लवकर होणार नाही." मी म्हटलं, दूध बघत बसलं नाही तर उतू जातं, हे काय होईल कोण जाणे.

पहिला दिवा नऊला. दुसरा साडेअकराला. दुसऱ्यानंतर तुझी आई पण येऊन बसली, काज करायला घेतलेला सदरा तसाच मांडीवर. मी तिला सांगितलं, उद्यापासून मी रोज वीस फोटोंवर बोट ठेवणार, आता आयुष्य कमी व्हायची भीती नाही. ती म्हणाली, "मला पण बोलवत जा." मला माहीत नव्हतं तिला ऐकायचं असतं. मी ऐकायला लागले की ती मशीन जोरात चालवते, मला वाटायचं तिला आवडत नाही.

चौथा दिवा पावणेचारला लागला. आम्ही चहा घेतला, बिस्किटंही काढली. तिनं नवी डिस्क लॅपटॉपमध्ये बसवली, स्क्रू पिळले.

काळा पडदा. वर पांढरी एक ओळ. तिनं वाचली. म्हणाली, सुरू करायला आत काही नाही, असं लिहिलंय.

मग दुसरी बसवून पाहिली. तीच ओळ.

बंद कर वही.

१० मार्च, सोमवार

चिमट्यानं दोन्ही डिस्का त्याच्या यंत्राला लावल्या. बराच वेळ पाहत राहिला. आज चिमटा हातात नव्हता.

म्हणाला, "दोन्ही कोऱ्या आहेत. उलटं झालंय. कोरी भरलेलीवर ओतली गेली."

मी म्हटलं, परत ओत. म्हणाला, "आजी, नुसतं पुसलं असतं तर खरवडून काहीतरी काढलं असतं. यात जुन्यावर नवं लिहिलं गेलंय. कोरं लिहिलं गेलंय." कोरं कसं लिहितात? पण लिहितात म्हणे. काठापासून काठापर्यंत, एक कण न सोडता.

मग त्यानं तुझ्या आईला हळूच विचारलं, "पुढच्या खाचेत कोणती लावलीत?"

"मीच लावली," ती म्हणाली. "पांढऱ्या टोपड्याची पुढे. मला पक्कं आठवतंय, पांढरीच पुढे. मग कसं... मीच लावली."

तर लिही. तुझ्या आईनं घालवलं. नऊ वर्षं ठेवलेलं एका बटणात घालवलं. तीनदा सांगितलेलं चुकवलं. लिहितेस ना? सुवाच्य लिही. ठकूला वाचता आलं पाहिजे.

लिहिलंय म्हणते.

१४ मार्च, शुक्रवार

चार दिवस तिच्याशी बोलले नाही. आज बोलतेय ते वहीसाठी, तिच्यासाठी नाही. तिनं हेही लिहून घ्यावं.

अबोला धरायचा आणि मजकूर सांगायचा, दोन्ही एकाच बाईशी, हे फार अवघड काम आहे. जेवायला बस म्हणायचं असलं की मी भिंतीला सांगते. भिंत जेवत नाही. तुझी आईही जेवत नाही.

चिमट्यानं लॅपटॉप नव्यानं चालू करून दिलाय. पडद्यावर डोंगराचं चित्र आहे. फोटो एकही नाही. तरी सकाळी मी डोंगरावर बोट ठेवून पाहिलं.

पाववाला कोट न्यायला आला. मी तो मनातल्या मापावर बेतला होता. छाती बेचाळीस, बाही साडेचोवीस, पोट चाळीस. अंगात घातला तर पोटावरची दोन्ही बटणं चार-चार बोटं लांब. म्हणाला, "आजी, हे माप जुनं असेल."

"माप बरोबर आहे. तू स्वतःचेच पाव खातोस त्याला मी काय करू? त्यानं चाळीस सांगितलंय."

पाववाल्यानं तुझ्या आईकडे पाहिलं. मग आरशात पाहिलं. "चाळीसच आहे," म्हणाला. "मला बटणं उघडीच आवडतात." आणि तसाच घालून गेला. बघ, माप बरोबरच होतं.

एक सांगते, ठकू. मला वाटायचं मला सगळं पाठ आहे. आकडे आहेत. कोणाचंही विचार, गळा, मुंढा, उंची, धडाधड सांगते. पण सांगताना माझाच आवाज येतो. काल दुपारी कात्री हातात घेऊन त्याच्यासारखं म्हणून पाहिलं, "कात्री जपून गं आई." म्हातारीच बोलली. आवाज पाठ करता येत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी आकडे सोडून तेच करत बसले असते.

१७ मार्च, सोमवार

अबोला आजपासून अर्धा सोडला. कामापुरतं बोलते.

खडूच्या खणात ती दोन टोपडी सापडली. पांढऱ्याची सुई पुसायला चिंधी केली. चौकड्याचं उशाशी ठेवलंय. तेवढं तरी त्याच्या अंगावर होतं. तुझ्या आईनं आदल्या दिवशी ते नवीला घातलं होतं, काय म्हणावं हिला! बाबाच्या शर्टाचं कापड आणि घातलं परक्या डिस्कच्या डोक्यावर, आणि त्याच्या डिस्कला अस्तराची चिंधी. मला रात्रभर ते खुपत राहिलं. म्हणून शनिवारी पहाटे, ती आंघोळीला गेली तेव्हा, मी बदलली. पांढरं नवीला घातलं, चौकड्याचं त्याच्या डिस्कला. जाताना निदान स्वतःचं कापड डोक्यावर घेऊन गेला.

लिहिलंस का? काय झालं? का थांबलीस?

"काही नाही आई. पेन चालत नाही."

पेन झटकलं तिनं. मग उठून आत गेली. नळ बराच वेळ चालू होता. मी ओरडले, पाणी काय फुकट येतं? बाहेर आली ती तोंड धुऊन, पदराची एक बाजू ओली. बसली. म्हणाली, "सांगा पुढे."

पुढे काही नव्हतंच. एवढंच सांगायचं होतं.

१८ मार्च, मंगळवार

आज म्हटलं, कालचं वाचून दाखव. तिनं वाचलं. अबोला अर्धा सोडला, खडूच्या खणात टोपडी सापडली, चौकड्याचं उशाशी ठेवलंय, आणि थांबली.

"पुढचं?"

"एवढंच आहे, आई."

"एवढंच कसं? टोपडी बदलल्याचं कुठे गेलं? मला अक्षर येत नाही, कान येतात."

"वाचताना सुटलं."

"मग आता वाच."

वाचलं तिनं. सुईत दोरा ओवताना माणूस श्वास धरतो ना, तसं. मग म्हणाली, "आई, हे वाक्य खोडू का? ठकूला कशाला हे बारीकसारीक?"

मी म्हटलं, खबरदार. सगळ्या त्या दिवसात एक चांगली गोष्ट झाली ती माझ्या हातून झाली, आणि तीच खोडतेस? नात वाचेल तर तिला कळू दे, आजीनं शेवटपर्यंत लेकाचं नीट केलं.

नाही खोडलं. मी बोट ठेवून पाहिलंय, कागद खरबरीत लागला नाही.

२१ मार्च, शुक्रवार

पाववाला कोट परत घेऊन आला. लाजत म्हणाला, वारा लागतो. तुझ्या आईनं त्याचं माप घेतलं. घेता घेता मोठ्यानं बोलली, मला ऐकू जाईल असं. "छाती चव्वेचाळीस. बाही साडेचोवीस. पोट सेहेचाळीस." पाववाला कान धरून हसला. मी कोट उसवायला घेतला. शिवणीत जागा सोडलेली असतेच, तेवढं मी शिकवलंय दोघांनाही.

मी कात्री उचलली तशी ती म्हणाली, "आई, कात्री ज..."

"ते म्हणायचं नाही," मी म्हटलं. "ते त्याचं आहे."

"बरं," म्हणाली. रागावली नाही. या आठवड्यात ती कशावरच रागावत नाही. मी टोमणा मारला की जवळ येऊन बसते. काल माझे पाय चेपायला बसली. मी म्हटलं, पाय चेपून आवाज परत येणार आहे का? ती म्हणाली, नाही येणार. आणि चेपत राहिली.

फोनवर तू म्हणालीस, पुढचे दोन महिने सुट्टी नाही. म्हणून ही वही उद्या पोस्टानं पाठवतेय. तुझी आई म्हणत होती, राहू द्या, ती आली की बघेल. मी ऐकणार आहे का? पाववाला पोस्टावरूनच जातो, त्याच्या हातात देणार.

वही जायच्या आधी एक लिहायचं राहिलंय. सूनबाई, लिही. मी हिला माफ केलं.

लिहिलंस? वाच.

वाचलं तिनं. "मी हिला माफ केलं." मग हातातल्या टाचण्या सांडल्या म्हणून खाली वाकली, ती वरच येईना. मी म्हटलं, चार टाचण्यांना एवढा वेळ? खालूनच म्हणाली, "झालं ते माझ्या हातून झालं, आई. असंच राहू दे."

असंच तर लिहायला सांगितलंय! कधी कधी मला वाटतं, इतकी वर्षं मशीनजवळ बसून हिला कमी ऐकू येतं.

माझा हात तिच्या डोक्यावर पडला. टेबलाखाली वाकलेली असल्यामुळे पडला, मुद्दाम ठेवला नाही. केस केवढे पांढरे झालेत तिचे. तुला ठाऊक होतं? मला नव्हतं.

आता ऐक, कामाचं. तुझी आई पंधरा दिवस चहावर आहे. इथले पदार्थ तिला नको झालेत, प्रत्येक पदार्थ कोणाला तरी आवडायचा. तिला जर्दाळू आवडतात, आणि ते त्याला आवडत नव्हते, म्हणून घरात कधी आले नाहीत. ते पाठव. पिवळे, मऊ, बिया काढलेले. तुझ्या नावानं पाठव, माझ्या नाही. हे तीच लिहितेय, त्यामुळे तिला कळलंच, पण पार्सल आलं की तिनं नवल करायचं, असं आमचं ठरलंय. एक किलो पाठव. अर्धा पाठवलास तर ती सगळा मलाच वाढेल.